एका घरातून एक

४ फेब्रुवारी

चिऊ,

काल फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणाले, ते तुझे बाबा समोर बसले होते म्हणून. ते समोर असले की मला वेगळं काही बोलता येत नाही. आज पोस्टात तिकीट घ्यायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, "अजून कुणी पत्रं लिहितं का हो?" म्हटलं, ज्यांना घरात बोलायची चोरी असते ते लिहितात. ती हसली. मी मात्र गंमत म्हणून बोलले नव्हते.

कारखान्यात नोटीस लागलीय. स्वेच्छानिवृत्ती. 'स्वेच्छेने' हा शब्द इतका ठळक छापलाय की लांबून तेवढाच वाचता येतो. आमच्या तपासणीत कॅमेऱ्याचं यंत्र येतंय. आम्ही बायका प्रकाशाच्या पडद्यासमोर बसून पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघतो, चीर गेलीय का, बुडबुडा राहिलाय का, मान वाकडी झालीय का. ते आता यंत्र बघणार. यंत्राकडे बघायला तीन जणी पुरेत म्हणे, बाकीच्या जादा. भट्टीकडच्या मशीन हॉलमधूनही काही माणसं कमी करणार आहेत.

नवरा-बायको दोघंही कारखान्यात असतील तर त्यांच्यासाठी वेगळा नियम केलाय. एका घरातून एकानं या महिन्याअखेर आपणहून नाव दिलं, तर दुसऱ्याच्या नोकरीला हात लावणार नाहीत. कुणीच दिलं नाही तर दोघांचंही काय होईल सांगता येत नाही. अशी आम्ही चार जोडपी आहोत.

आमच्या घरातून कोण जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फोरमन म्हणाला, "वहिनी, आता मजा आहे तुमची." वॉचमनही तेच म्हणाला. तुझ्या आत्यानं फोन करून सांगितलं, "वहिनी, खूप केलंस, आता पाय पसरून बस." तुझे बाबा काहीच म्हणाले नाहीत. त्यांना वाटत असेल की यात म्हणण्यासारखं आहेच काय.

मी अजून काही ठरवलेलं नाही. तशी मला काही हौस नाही म्हणा, पहाटे उठून जायची.

तू कशी आहेस? खोलीत ऊन येतं का?

आई


११ फेब्रुवारी

चिऊ,

तुझं उत्तर नाही. असू दे. कामात असशील.

कॅमेऱ्याचं शिकवायला एक मुलगी आलीय, तुझ्याच वयाची. शिकायला सगळ्यांनी यायचं असं होतं म्हणून मीही गेले. उगाच, बसल्या बसल्या. पहिल्याच दिवशी मी यंत्र इतकं कडक लावून ठेवलं की चांगल्या चांगल्या बाटल्या भंगारात उडायला लागल्या, धडाधड. फुटलेल्या काचेचा ढीग झाला. ती मुलगी म्हणाली, "काकू, यंत्राला सासू करू नका." सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी इतकं सैल लावलं की बुडाला भोक असलेली बाटलीसुद्धा पास. मग हळूहळू जमत गेलं. काल मी तिला न विचारता लावलं आणि तिनं येऊन बघितलं, काही बदललं नाही, पुढे गेली. चिऊ, एवढ्याशा गोष्टीचं मला काय वाटलं म्हणून सांगू! घरी येताना दोन स्टॉप आधी उतरले आणि चालत आले.

हे तुला का लिहितेय कुणास ठाऊक.

ठेंगू तुला आठवते ना? माझ्या शेजारच्या खुर्चीवरची, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून खाली खोकं ठेवते ती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, धाकटी अजून शिकतेय. ठेंगूलाही कॅमेरा चांगला जमतो. आमच्यात चार जणींना जमतो, आणि जागा तीन. डबा खाताना ती म्हणाली, "तू जाणारच आहेस, म्हणजे माझं झालंच म्हणायचं." मी घास गिळला. "हो ना," म्हणाले.

एवढं साधं आहे बघ. मी गेले की तिची जागा पक्की आणि तुझ्या बाबांचीही पक्की. एका दगडात दोन पक्षी. दगड तेवढा मी.

बाबा ठीक आहेत. टीव्ही बघतात. कमी बोलतात.

आई


१७ फेब्रुवारी

चिऊ,

तुझं पत्र मिळालं. मी ते कारखान्यातल्या मुतारीत उभ्यानं वाचलं, कारण बाहेर वाचण्यासारखं नव्हतं.

तू विचारलंस, 'ज्या माणसानं मला घरी येऊ दिलं नाही, त्याची नोकरी टिकावी म्हणून तू का घरी बसायचं?' मला आधी कळलंच नाही. येऊ दिलं नाही म्हणजे? मग पुढचं वाचलं. मागच्या उन्हाळ्यात तू फोन केलास, त्यांनी उचलला, तू म्हणालीस, "बाबा, मी घरी येऊ का?" आणि ते म्हणाले, "आई बाजारात गेलीय," आणि ठेवून दिला.

हे तू मला इतके महिने सांगितलं नाहीस. तुझंही बरोबर आहे, काय सांगणार!

आता मी सांगते ते नीट वाच. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असं नाही. समोर बसून सावकाश बोललं तर समजतं, पण ते ऐकून नाही, तोंडाकडे बघून. मी तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा ते समोर येऊन बसतात ते पाळत ठेवायला नाही गं. माझ्या ओठांवरून तुझं काय चाललंय ते वाचायला बसतात. फोनवरचं त्यांना काहीच कळत नाही. फोन वाजला की थरथरतो म्हणून उचलतात आणि पलीकडे कुणीही असलं तरी ठोकून देतात, आई बाजारात गेलीय, नंतर करा. मागे एकदा बँकेच्या माणसालाही आई बाजारात गेलीय म्हणाले होते. मी हसले होते तेव्हा.

इतकी वर्षं त्या हॉलमध्ये, त्या आवाजात. कानात बोळे घालायचे असतात, पण त्यांच्या वेळी ते बायकी समजायचे. हळूहळू गेलं. मला कळलं तेव्हा मी काही बोलले नाही, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं तेव्हा तेही काही बोलले नाहीत. झाकली मूठ. पाहुणे आले की मीच उत्तरं देते. लोकांना वाटतं बाई फार तोंडाळ आहे.

तू इथली, कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडलीस तेव्हा ते चिडले, हे खरं. मॅनेजरपुढे शब्द टाकून मिळवली होती, त्यांचं नाक कापलं गेलं असं त्यांना वाटलं. बोलले तेही फार बोलले. ते मी पुसून टाकत नाही. पण येऊ नको असं ते कधीच म्हणालेले नाहीत. तू विचारलंस हेच त्यांना माहीत नाही.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगायचं तर कान उघडे पाडावे लागतील, आणि ते एकदा उघडं पडलं की हॉलमध्ये त्यांना कोण ठेवेल? म्हणून सुचत नाहीये.

आई


२० फेब्रुवारी

चिऊ,

हे घाईघाईत लिहितेय. अक्षर लावून घे.

काल साचा बदलायला मशीन थांबवलं होतं. तुझे बाबा आत हात घालून काम करत होते. चालू करायच्या आधी भोंगा वाजवतात, तसा वाजला. सगळे बाजूला झाले. हे तसेच वाकलेले. पैलवाननं, म्हणजे त्यांच्या जोडीदारानं, मागून कॉलर धरून असं खेचलं की दोघंही जमिनीवर पडले. बाही तापलेल्या साच्याला लागली होती, ती काळी पडली. हात वाचला. माणूस वाचला.

मी काचेतून बघत होते. आमच्या खोलीला हॉलच्या बाजूनं मोठी काच आहे. भोंगा मला काचेपलीकडे ऐकू आला आणि त्यांना तिथं उभं राहून नाही.

ते उठले, कपडे झटकले आणि पैलवानच्या खांद्यावर थाप मारली, जणू तोच घसरून पडला होता. घरी आले. बाहीचं विचारलं तर म्हणाले, "लागली कुठेतरी."

आज पैलवान मला सायकल स्टँडपाशी थांबवून म्हणाला, "वहिनी, दोन वर्षं मीच दादांचे कान झालोय. खुणेनं सांगतो, हात लावून सांगतो. पण मला पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या पाळीत टाकलंय. नव्या जोडीदाराला मी काय सांगू? सांगितलं तर दादांची अब्रू जाते, नाही सांगितलं तर..." एवढा आडदांड माणूस, खिशातून रुमाल काढून उगाच सायकलची सीट पुसत राहिला.

आता तूच बघ. मी नाव दिलं, तर त्यांची नोकरी पक्की होते. म्हणजे मी स्वतः घरी बसून त्यांना रोज त्या मशीनमध्ये पाठवायचं. लोक म्हणणार, काय समजूतदार बायको आहे!

आणि खरं सांगू? हे कारण मिळालं म्हणून माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं. नवऱ्याचा जीव जाता जाता वाचला, आणि बायकोला वाटतं, चला, आता मला नोकरी सोडायला नको. असं वाटणारी मी कसली बाई? हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. वाचून फाडून टाक.

आई


२४ फेब्रुवारी

चिऊ,

बोलले. काल जेवणं झाल्यावर. भांडी तशीच ठेवली, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी बसले. सावकाश म्हणाले, "मी नाव देणार नाही. तुम्ही द्या."

त्यांना पहिल्याच बोलण्यात कळलं, पण न कळल्यासारखं केलं. "काय?"

"तुम्ही द्या नाव. तुम्हाला ऐकू येत नाही."

चिऊ, एवढ्या वर्षांत हे शब्द या घरात कुणी उच्चारले नव्हते. ते एकदम उठले. "पैलवान बोलला का?"

"मी काचेतून बघितलं. आणि कुणी सांगायला कशाला हवं? बायको आहे मी तुमची."

"आणि मी काय करू? बायको कामावर आणि मी घरात झाडू मारू? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. हात तर जागेवर राहतील."

मग ते मला लागेल असं बोलले. "बाटल्या बघायच्या त्या. त्यात आहे काय एवढं? आणि आता तर तेही यंत्रच बघणार." नेहमीसारखी मी गप्प बसेन असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी म्हणाले, "आहे. मला आवडतं. तुमचे कान गेले नसते तरी मला जायचं नव्हतं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, तुला जायचंय का म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. घरातली एखादी भिंत अचानक बोलायला लागली तर माणूस बघेल, तसे.

तेव्हाच मी तुझ्या फोनचं सांगितलं. सांगायचं असं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला होता, तुम्ही उचललात, तिनं तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही आई बाजारात गेलीय म्हणून ठेवून दिलात.

"काय विचारलं?"

"बाबा, मी घरी येऊ का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "परत बोल."

मी परत बोलले. ते खुर्चीत बसले आणि मला ते आणखी एकदा म्हणायला लावलं. मग चपला घालून बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या बाकावर कितीतरी वेळ बसले होते, खिडकीतून दिसत होते. मी भांडी घासली. त्यांना बोलवायला गेले नाही. काय म्हणून बोलवणार?

आज सकाळी लवकर उठले. डबा घेतला आणि गेले.

आई


१ मार्च

चिऊ,

काल शेवटची तारीख होती.

मी मनाशी एवढंच ठरवलं होतं की नाव देणार नाही, आणि त्यांच्या कानांचं ऑफिसात जाऊन सांगणारही नाही. ऑफिसात सांगणं सोपं होतं. पैलवाननं साक्ष दिली असती. पण मग तुझे बाबा कायमचे माझ्या हातून गेले असते, कान गेल्याचं सोड. म्हणजे त्यांनी नाव दिलं नाही तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अर्धा दिवस मी कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि बाटल्या येत होत्या, जात होत्या, माझं लक्ष नव्हतं. बरं झालं, यंत्र बघत होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी ते आमच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. डोक्यावर हेल्मेट, हातात काढलेले मोजे. पट्ट्याजवळ उभे राहिले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, हल्ली त्यांना आपला आवाज केवढा झालाय ते कळत नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिलं नाव." मग थोडं थांबून, "येताना साखर आण. संपलीय."

आणि गेले.

मी काचेकडे वळून उभी राहिले. रडले नाही. म्हणजे फार नाही.

वळून बघितलं तर ठेंगू चष्मा काढून पुसत होती. नियमाप्रमाणे आता माझी जागा पक्की, म्हणजे तिची गेली. ती म्हणाली, "बरं झालं तुझं." मी म्हणाले, "अगं, त्यांचे कान..." तिनं हात वर केला. "मला नको सांगूस. माझाही नवरा असता तर मीही त्याला पाठवलं असतं."

याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर लिही.

आई


९ एप्रिल

चिऊ,

उशीर झाला लिहायला. पाळ्या बदलल्यात, घरचंही सगळं नव्यानं बसवायचं होतं.

त्यांचा शेवटचा दिवस साधाच झाला. हॉलमधल्या मंडळींनी निरोप दिला. टाळ्या वाजवून काय उपयोग, हे पैलवानला कळत होतं. त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की टाळ्या नकोत, प्रत्येकानं येऊन दादांच्या खांद्यावर हात ठेवायचा. म्हणजे सगळ्या हॉलला कळलं की काय ते. तुझ्या बाबांनाही कळलं की सगळ्यांना कळलंय. मला वाटलं आता चिडतील. पण ते एकेकाला थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत होते, तो काय म्हणतोय ते वाचत. लपवायची गरज संपली होती ना.

ठेंगूही त्याच आठवड्यात गेली. तिला एका औषधाच्या दुकानात काम मिळालंय असं कानावर आलं, दिवसभर उभं राहायचं. मी तिच्या घरी गेले होते. धाकटीनं दार उघडलं, आई झोपलीय म्हणाली. आत तिचा बोलण्याचा आवाज येत होता. मी परत आले. पुन्हा जाईन. तिनं कधी दार उघडलंच नाही, तरी तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्यांचे पहिले काही दिवस वाईट गेले. कारखान्याचाच शर्ट घालून बसायचे. मी पहाटे निघाले की तेही उठायचे, दारापर्यंत यायचे आणि मग पुढे काय करावं ते न कळून तिथंच उभे राहायचे. एकदा मी चिडून म्हणाले, "असे उभे राहू नका, मला पाय उचलत नाही." त्यावर म्हणाले, "तूही अशीच उभी राहायचीस, माझी पहिली पाळी असायची तेव्हा." मला आठवतही नव्हतं.

आता माझा डबा तेच करतात. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. मी कॅन्टीनमध्ये बसून सगळी खाल्ली आणि चार ग्लास पाणी प्यायले. घरी आल्यावर म्हणाले, "कशी होती?" मी ओठ नीट हलवून म्हणाले, "छान." ते म्हणाले, "खोटं. मी पण तीच खाल्लीय." आणि हसले. किती महिन्यांनी, देव जाणे.

डॉक्टरांकडे नेलं होतं. काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवून कान तपासले. फार उशीर झालाय म्हणाले. एक यंत्र दिलंय कानात घालायला, पण त्यांना त्यात सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. माणसांत घालतात, एकटे असले की काढून ठेवतात.

तू येतेस असं कळवलंस ते पत्र मी त्यांच्या हातात दिलं. मी सांगण्यापेक्षा तुझ्या अक्षरात बरं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर तुझ्या खोलीतलं कपाट भिंतीपासून ओढलेलं, मागची जळमटं काढलेली, आणि हे घामाघूम. मी विचारलं, मदतीला कुणाला बोलावलं नाहीत का? म्हणाले, "कशाला? रिकामाच तर आहे."

तुमच्या दोघांत जे झालं ते एका दिवसात मिटेल असं मी म्हणत नाही. तुलाही बोलायचं असेल, त्यांनाही. समोर बसून बोल, उजेडात, सावकाश. ओरडू नकोस, ओरडलं की ओठ वाकडे होतात आणि त्यांना काहीच कळत नाही.

तू पोचशील तेव्हा मी पाळीवर असेन, सुट्टी मिळत नाहीये. त्यामुळे घरी ते एकटेच असतील. बेल वाजवत बसू नकोस, त्यांना ऐकू येणार नाही, आणि तू उगाच भलतंच समजशील. सरळ आत ये. कुणी आलं तर दिसावं म्हणून दिवसभर ते दार उघडंच ठेवतात.

आई